कौलं

खानापूर, स्टेशनाच्या पलीकडे
कौलांचा बंद कारखाना. भट्टीशेजारच्या खोलीत
आता एक टचस्क्रीन, आणि त्यात एकच फोटो:
सन अठ्ठावन्न, दोनशे बारा कामगार,
चार रांगांत, उन्हाकडे तोंड करून.

तो स्कॅन होऊन आला तेव्हा
चोवीस हजार पिक्सेल रुंद होता, सहा हजार उंच.
डिस्कवर चाळीस एमबी. गपगुमान पडून,
ट्रंकेतल्या इरकल लुगड्यासारखा.
पण दाखवायचा म्हणजे घडी मोडायची,
आणि घडी मोडली की
एकेका ठिपक्याला चार बाइट:
सत्तावन्न कोटी साठ लाख.
मशीनची मेमरी एक जीबी,
त्यातली अर्धी आधीच कोणीकोणी
पाय पसरून अडवलेली.

स्क्रीन काळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा काळा.
शट्टूप्पा वॉचमन दारात उभा होता.
म्हणाला, "समदी कौलं एकदम छपरावर चढवूलैस व्हय?
वासे मोडतील की गे."
आणि चहा सांगायला गेला.

देसूर मागे पडेपर्यंत मी बसमध्ये
त्या वाक्यावर बसून होते.
रात्री शहापूरच्या खोलीत
फोटोचे तुकडे केले, दोनशे छप्पन्न बाय दोनशे छप्पन्न,
दोन हजार दोनशे छप्पन्न कौलं.
स्क्रीनवर मावतील तेवढीच वर न्यायची,
भोवती एक रांग जास्तीची, बोट कुठं सरकेल सांगता येत नाही म्हणून,
बाकीची खाली, अंगणात, रचलेली.
एक आलं की एक उतरवायचं.
अठ्ठ्याऐंशी कौलं. बावीस एमबी.
मी एकटीच हसले.

पण रात्रभर चालू ठेवलं,
आणि सकाळी बावीसचे तीनशे झाले होते.
कोण उतरत नव्हतं?

दोन दिवस शोधलं. शेवटी सापडलं ते असं:
चेहऱ्यावर बोट ठेवलं की नाव उघडतं,
वर कन्नडमध्ये, खाली मराठीत,
निंगाप्पा, जानू, बाळव्वा, पेद्रू.
आणि मिटलेलं नावसुद्धा
आपल्या चेहऱ्याला आतून धरून होतं.
ज्याला कोणी धरलंय त्याला यंत्र सोडत नाही,
नियमच आहे तो.
मी ओळ लिहिली: नाव मिटताना हात सोड.
लिहिताना जरा थांबले, हे कबूल करते.

कणकुंबीहून एक बाई आली. बापाला शोधायचं होतं तिला.
डावीकडून उजवीकडे बोट नेत गेली,
समोरचे चेहरे धुरकट यायचे, मग डोळे फुटायचे त्यांना.
मध्येच मागे वळून म्हणाली,
"मागची माणसं कुठं गेली?"
"आहेत. परत गेलात की येतील."
तिनं परत जाऊन पाहिलं. आली.
पुन्हा पाहिलं. बाप राहिलाच बाजूला.

शट्टूप्पा संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
नेहमी एकाच कोपऱ्यात जातो.
चौथी रांग, उजवं टोक, ओल्या कौलांच्या फळीपाशी
एक पोरगं, दहाबारा वर्षांचं,
चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट पट्टा.
तो जवळ जातो, अजून जवळ, थांबून राहतो.
"अजून येऊलंय काय गे हे?"

आलेलं असतं. पूर्ण आलेलं असतं.
फोटो काढताना ते पोरगं हललं,
त्याला माझा इलाज नाही.
त्याच्या नावाची चौकट रिकामी आहे.
मी विचारलं, "भरू?"
तो म्हणाला, "राहू दे. माशी बसली होती नाकावर,"
आणि दिवा मालवला.

मी ते एक कौल वरच ठेवलंय.
कोणी बघो न बघो, उतरवायचं नाही.
अडीचशे केबी. हिशेबात धरलेलं नाही.